बालकांमधील लसिका ग्रंथींचे दुर्मीळ कर्करोग : एका कापड व्यापाऱ्याचा अनुभव

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत जे वक्ते बोलले ते आपापल्या विषयातील अधिकारी पुरुष होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चाळीस वर्षे मुरूडच्या बाजारात कापडाचे दुकान चालवीत आहे. कर्करोगासारख्या गहन विषयावर मी बोलावे हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल, आणि मलाही ते वाटले होते. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला तो एवढ्यासाठी की, आमच्या दुकानातील गुमास्त्याच्या मुलाला हा आजार झाला तेव्हापासून आठ वर्षे मी त्या आजाराच्या सान्निध्यात आहे. जे सांगेन ते डॉक्टरांकडून ऐकलेले, वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्यात माझ्या एका चुकीचाही समावेश आहे. ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा अधिकार मला पोहोचत नाही, असे मी मानतो.

प्रथम आजार म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचे एक सूक्ष्म जाळे आहे. त्या जाळ्यात मानेत, काखेत, जांघेत, छातीत व पोटात वाटाण्या-हरभऱ्याएवढ्या ग्रंथी असतात. घसा बिघडला की मानेत हाताला लागते ती हीच गाठ. शरीरात शिरलेल्या जंतूंना अडविणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे राहतात. याच पेशींपैकी एखादी बिघडून अनिर्बंध वाढू लागली म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, अर्थात लिम्फोमा होतो. लंडनच्या गाइज रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या प्रकारच्या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यांच्या नावाचा तो हॉजकिन प्रकार आणि उरलेले सारे नॉन-हॉजकिन, अशी वाटणी आजही रूढ आहे. ‘उरलेले सारे’ हा शब्दप्रयोग व्यापाऱ्याच्या कानाला खटकतो. आमच्याकडे ज्या मालाला नाव नसते तो ‘किरकोळ’ खात्यात जातो आणि वर्षअखेरीस तेथेच घोळ सापडतो. या आजाराचेही तसेच आहे. नॉन-हॉजकिन या एका नावाखाली परस्परांशी फारसे साम्य नसलेले अनेक आजार आहेत आणि प्रत्येकाचा उपचार निराळा आहे.

मुलांमध्ये यांपैकी तीन-चार प्रकारच प्रामुख्याने दिसतात. त्यांतील बर्किट प्रकाराची कथा सांगण्यासारखी आहे. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडातील कंपाला येथे मुलागो रुग्णालयात होते. बालपणी अपघाताने त्यांचा एक डोळा गेलेला. जबडा विद्रूप करणाऱ्या गाठी असलेली मुले त्यांच्याकडे येत. १९५८ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि १९६१ साली जुन्या मोटारीतून दोन सहकाऱ्यांसह सुमारे १०,००० मैलांचा प्रवास करून, गावोगावच्या दवाखान्यांत विचारीत, हा आजार आफ्रिकेच्या कोणत्या पट्ट्यात होतो याचा नकाशा तयार केला. त्यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाइन यांनी त्या गाठींचा शोध आरंभिला आणि १९६४ साली एपस्टाइन-बार हा विषाणू उजेडात आला. मानवी कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला हा पहिला विषाणू.

बर्किट प्रकारची गाठ एक ते दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. आपण सारे व्यापारी आहोत, चक्रवाढ व्याज कशास म्हणतात ते आपणांस सांगावयास नको. दहा वेळा दुप्पट झाले म्हणजे एका रुपयाचे हजारावर होतात. ज्या आजाराचे मुद्दल दर दिवसाआड दुप्पट होते, तेथे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ या वाक्याची किंमत काय होते, याचा हिशेब प्रत्येकाने घरी जाऊन करावा. मी तो वेळेवर केला नाही.

आमच्या गुमास्त्याच्या मुलाला झालेला आजार मात्र बर्किट नव्हता. त्याहून विरळा होता. ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा असे त्याचे लांबलचक नाव. मुलांच्या नॉन-हॉजकिन रोगांत दहा-पंधरा टक्के एवढाच त्याचा वाटा, आणि ते रोग स्वतःच मुळात थोडे. १९८५ साली जर्मनीतील संशोधकांनी तो वेगळा ओळखला. १९९४ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे असे आढळले की, या पेशींतील दोन गुणसूत्रांचे तुकडे आपापली जागा सोडून एकमेकांना जोडले जातात आणि त्यामुळे एएलके नावाचा एक जनुक, जो तेथे झोपलेला असावयास हवा, तो सतत जागा राहतो. हा आजार नाना रूपे घेऊन येतो. मुलाला आठवडेच्या आठवडे ताप असतो, जांघेत वा मानेत गाठी येतात, अंगावर लालसर चट्टे उठतात, वजन घटते. मध्येच ताप उतरतो, गाठ जराशी बसल्यासारखी वाटते आणि घरच्यांना हायसे वाटते.

२०१७ च्या जून महिन्यात त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मानेत गाठ आली. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आपल्या देशात मानेतील गाठ आणि रेंगाळणारा ताप म्हटले की क्षय आठवणे स्वाभाविक आहे आणि शंभरांतील बहुतेक वेळा ते बरोबरही असते. तथापि, पुढे एका तज्ज्ञ डॉक्टरांनी मला जे समजावले ते येथे मुद्दाम सांगतो, कारण या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी, शेजारी वा दुकानात मुले आहेत. क्षयाचे औषध सुरू करण्याआधी शक्यतो तपासणीचा पुरावा हवा. काही आठवडे औषध घेऊनही गाठ वाढतच असेल, तर गोळ्या बदलीत बसू नये. गाठीत सुई घालून घेतलेला नमुना पुष्कळदा पुरत नाही, संपूर्ण ग्रंथी काढून तपासावी लागते. कापडाचा पोत चिमूटभर धाग्यावरून कळत नाही, हातभर तुकडा लागतो, तसेच ते आहे. आणि निदान होण्यापूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नयेत. त्यांनी काही दिवस गाठी विरतात, मूल खेळू लागते, पण नंतर काढलेल्या नमुन्यातून नेमका आजार ओळखणे दुरापास्त होते.

सप्टेंबरअखेर अलिबागच्या एका बालरोगतज्ज्ञांनी त्या मुलाला तपासले आणि चिठ्ठी दिली की, याला विनाविलंब परळच्या टाटा रुग्णालयात न्यावे. चिठ्ठीवर तारीख २८ सप्टेंबर होती. दसरा दोन दिवसांवर, दिवाळी तीन आठवड्यांवर. गुमास्ता चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. दुकानात नव्या मालाच्या गाठोड्या सोडायच्या होत्या, काउंटरवर त्याच्यावाचून कोणाला भाव ठाऊक नव्हते. मी म्हणालो, “तापच आहे ना? दिवाळी आटोपू दे, मग सावकाश जा. पैशांची काळजी करू नकोस.” तो म्हणाला, “बरं शेठ.” आणि कात्री उचलून पुन्हा कापड कापू लागला.

मी दुष्टपणाने बोललो नव्हतो. पैसे मी दिलेही असते. परंतु माझ्यासमोर उभा असलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, याचे भान मला तेव्हा राहिले नाही. भाऊबीज २१ ऑक्टोबरला झाली आणि २३ ला सोमवारी तो मुलाला घेऊन निघाला. मध्ये पंचवीस दिवस गेले. तोपर्यंत मुलाच्या छातीत पाणी झाले होते, तो उताणा झोपू शकत नव्हता. मांडव्याच्या बोटीत आईच्या मांडीवर बसून, पुढे झुकून, तो श्वास घेत होता. मीही बरोबर होतो. समोर बसलेल्या प्रवाशांनी जागा करून दिली. ती पाऊण-एक तासाची वाट मी विसरू शकत नाही.

रुग्णालयात त्याच दिवशी दाखल करून घेतले. ग्रंथी काढली, नमुना विशिष्ट रंगद्रव्यांनी तपासला आणि आठवड्याभरात नाव मिळाले. मेणाच्या लहानशा ठोकळ्यात तो नमुना जपून ठेवतात, तो वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढे कधी शंका आली तर पुन्हा काढून तपासता येतो. मी मनात म्हटले, हे जुन्या चोपड्या जपून ठेवण्यासारखेच आहे.

उपचाराची रचना युरोपातील अनेक देशांनी मिळून ठरविलेल्या पद्धतीची होती. आरंभी पाच दिवस सौम्य औषधे, जेणेकरून गाठी एकदम फुटून त्यांतील क्षार मूत्रपिंडावर कोसळू नयेत. त्यानंतर तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने सहा फेऱ्या. या पद्धतीने दहातील सुमारे सात मुलांचा आजार पुन्हा परतत नाही. ज्यांचा परततो त्यांतीलही पुष्कळांना पुढील उपचारांनी वाचविता येते.

यातील एका औषधाविषयी येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आमच्या व्यवसायाशी संबंधित आहे. मेथोट्रेक्सेट हे या उपचाराचे एक मुख्य औषध. त्याचा उगम कोठे असावा? १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका घातक पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. परळच्या हाफकिन संस्थेशी त्यांचे काम निगडित होते. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटक म्हणजेच फॉलिक आम्ल. पुढे बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या ध्यानात आले की, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक आम्ल दिले तर आजार उलट बळावतो. मग त्याच्या विरुद्ध काम करणारे द्रव्य दिले तर? ते द्रव्य तयार करून पुरविणाऱ्या अमेरिकेतील प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव. फार्बर यांचा लेख १९४८ साली प्रसिद्ध झाला आणि मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातील औषध. ज्या परळमध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तापासून ही साखळी सुरू झाली, त्याच परळमध्ये, हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर, आमच्या गुमास्त्याच्या मुलाच्या शिरेत ते औषध थेंब थेंब जात होते. या गोष्टीची कोठे पाटी नाही. मांजरपाट विकणाऱ्या माझ्यासारख्याला ती ठाऊक असावी असे मला वाटते.

टाटा रुग्णालयही थोडे समजून घेऊ. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केले, १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. तेथे डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये भारतातील पहिल्या यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपणांपैकी एक केले. बालपणी पोलिओ झाल्याने ते चाकांच्या खुर्चीवरून रुग्ण पाहत. अमेरिकेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने त्यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी आणि लिम्फोमासाठी भारतीय परिस्थितीला पेलतील अशा उपचारपद्धती आखल्या. लिम्फोमाविषयीच्या पद्धतीचा पहिला अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलली असती तर रक्तपेशी घटलेल्या अवस्थेत जंतुसंसर्गानेच मुले दगावली असती. गिऱ्हाइकाच्या मापाने कपडा बेतावा लागतो.

सहाव्या फेरीनंतर, मार्च २०१८ मध्ये, मुलगा घरी आला. शाळेत जाऊ लागला. तेथे काही पालकांनी त्याला वेगळा बसवावा असे सुचविले. हा आजार स्पर्शाने वा सोबत जेवल्याने लागत नाही, हे समजावण्यासाठी मला व आमच्या येथील एका निवृत्त शिक्षकांना दोनदा शाळेत जावे लागले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आजार उलटला. जांघेत गाठ आली.

त्या दिवशी गुमास्ता प्रथमच माझ्यासमोर बसला, उभा राहिला नाही. म्हणाला, “शेठ, आता पुरे करतो. पोराला आणखी सोसवत नाही.” मजजवळ उत्तर नव्हते. त्याच्या मनात माझ्या पंचवीस दिवसांचा हिशेब होता की नाही, मला ठाऊक नाही, त्याने तो कधी बोलून दाखविला नाही. मी मात्र डॉक्टरांना एकांतात विचारले की, तो विलंब झाला नसता तर आजार परतला नसता काय? त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “ते कोणालाच सांगता येणार नाही. पुढचा उपचार वेळेवर होईल एवढे पाहा.” दोषमुक्ती मिळाली नाही आणि शिक्षाही झाली नाही. काम मिळाले.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडली. आम्ही सारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, लाखांचे आकडे अशा चिंतेत होतो. डॉक्टरांनी सांगितले की, या विशिष्ट आजारात, तो उलटल्यानंतरही, विनब्लास्टिन हे एकच औषध आठवड्यातून एकदा, दीड ते दोन वर्षे दिले तर पुष्कळ मुलांच्या गाठी विरतात. फ्रान्समधील डॉक्टरांनी २००९ साली तसा अनुभव प्रसिद्ध केला होता. पाचातील चार मुलांच्या गाठी पूर्ण विरल्या होत्या, जरी त्यांतील काहींना पुढे आणखी उपचार लागले. विनब्लास्टिन हे औषध सदाफुलीपासून मिळते. होय, आपल्या प्रत्येकाच्या अंगणात, विहिरीच्या कडेला, तुळशीजवळ जी गुलाबी-पांढरी सदाफुली बारा महिने फुलते तीच. विनक्रिस्टिन हे त्याचे भावंडही त्याच झाडाचे, आणि बालकर्करोगांच्या कितीतरी उपचारांत ते असते. (एक गोष्ट हात जोडून सांगतो, कारण हे सांगितल्यावर एका बाईंनी मला पाल्याच्या रसाविषयी विचारले होते. सदाफुलीचा पाला विषारी आहे. औषध होण्यासाठी त्यातील अत्यल्प द्रव्य शुद्ध करून, तोलून, शिरेतच द्यावे लागते. शिरेबाहेर सांडले तर मांस जळते. घरी कोणी प्रयोग करू नये.)

औषध स्वस्त होते. एका कुपीची किंमत आमच्या दुकानातील एका बऱ्या शर्टपीसहून अधिक नव्हती. महाग होता तो रस्ता. मुरूडहून अलिबाग सुमारे पन्नास किलोमीटर, तेथून मांडवा, तेथून बोटीने गेटवे, तेथून परळ. आणि जून ते ऑगस्ट प्रवासी बोटी बंद, म्हणजे वडखळ-पेणवरून रस्त्याने. सकाळी इंजेक्शन व रक्ततपासणी असल्याने आदल्या दिवशी निघावयाचे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत वा जागा नसल्यास अन्यत्र मुक्काम करावयाचा. हे दर आठवड्याला, दोन वर्षे. मुलाची आई हे करीत होती. ती माउली सातवी शिकलेली. तिने वहीत प्रत्येक इंजेक्शनची तारीख, पांढऱ्या पेशींचा आकडा आणि खर्च लिहून ठेवला. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी स्वच्छ वही मी मुनीमजींचीही पाहिली नाही.

पहिले वर्ष असे गेले. १५ मार्च २०२० रोजी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास रो-रो बोट सुरू झाली तेव्हा आम्हांस वाटले की पावसाळ्याचा प्रश्न सुटला. आठवड्याभरात टाळेबंदी आली आणि सारेच थांबले. आता इंजेक्शन चुकणार होते. तेव्हा अलिबागच्या त्याच बालरोगतज्ज्ञांनी, ज्यांनी पहिली चिठ्ठी दिली होती, परळच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून जबाबदारी स्वीकारली. औषधाची मात्रा परळहून कळविली जाई, रक्त अलिबागला तपासले जाई, इंजेक्शन तेथेच दिले जाई. पोलिसांचा परवाना घेऊन मी स्वतः गाडी चालवीत मायलेकरांना नेत असे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, रस्त्यांवर झाडे पडली. त्या आठवड्याचे इंजेक्शन चार दिवस उशिरा झाले. वाडीतील पंधरा-वीस जणांनी कोयते-करवती घेऊन मुख्य रस्त्यापर्यंतची वाट मोकळी केली. त्यांना कोणी बोलाविले नव्हते. आदल्या वर्षी त्यांतील काही जण मुलाजवळ बसावयास कचरत होते.

मार्च २०२१ मध्ये उपचार संपला. आईच्या वहीप्रमाणे एकूण ९९ इंजेक्शने झाली, ६० परळला आणि ३९ अलिबागला. उरलेल्या आठवड्यांत रक्तपेशी कमी असल्याने थांबावे लागले. परळच्या फेरीस दोघांचा खर्च सरासरी १,१५० रुपये, म्हणजे ६९,००० रुपये. अलिबागच्या फेरीस २६० रुपयांप्रमाणे १०,१४० रुपये. एकूण ७९,१४० रुपये. गुमास्त्याचे खाडे व माझ्या गाडीचे इंधन यांत धरलेले नाही. मुलगा आज सतरा वर्षांचा आहे, अकरावीत शिकतो आणि सुटीत दुकानात येऊन मला संगणकावर बिले करावयास शिकवितो. वर्षातून एकदा तपासणीस जातो.

इतर दुर्मीळ प्रकारांविषयी थोडक्यात सांगतो. काही मुलांना फॉलिक्युलर प्रकारचा लिम्फोमा होतो. मोठ्यांत तो चिवट असतो, पण मुलांत बहुधा एकाच ग्रंथीत असतो आणि ती ग्रंथी पूर्ण काढल्यावर नुसते लक्ष ठेवणे पुष्कळदा पुरते. म्हणजे येथे ज्ञान असेल तर मुलाची केमोथेरपी वाचते. कमी उपचार करण्यासही अधिक माहिती लागते, हे मला नवीन होते. छातीच्या मध्यभागी वाढणारा एक प्रकार किशोरवयात दिसतो, त्याला निराळी, दिवसरात्र ठिबकणारी औषधयोजना लागते. त्वचेचा एक प्रकार मुलांच्या अंगावर फिकट चट्ट्यांच्या रूपाने येतो आणि वर्षानुवर्षे कोड, शिबे वा कुष्ठ समजून मलमे लावली जातात. त्याला विशिष्ट प्रकाशकिरणांचा उपचार चालतो. बर्किट प्रकारात, आजार पसरलेला असला तरी, रिटुक्सिमॅब हे औषध जोडल्याने तीन वर्षांनंतर आजारमुक्त मुलांचे प्रमाण ८२ वरून ९४ टक्क्यांच्या घरात गेले, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले. हे औषध भारतीय कंपनीने २००७ पासून येथे बनविल्याने त्याची किंमत उतरली. आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. पवईची आयआयटी आणि टाटा यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखावयास शिकवून पुन्हा सोडावयाच्या अशी ही रीत. ती बी-पेशींच्या आजारासाठी आहे, आणि मान्यता पंधरा वर्षे व त्यावरील रुग्णांपुरती आहे. आमच्या मुलाचा आजार टी-पेशींचा, त्याला ती उपयोगी नव्हती. त्याच्या प्रकारासाठी एएलके जनुकाला पुन्हा झोपविणारी क्रिझोटिनिब ही गोळी आहे, तिला २०२१ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी मान्यता मिळाली.

एक घरगुती गोष्ट. रक्तपेशी घटलेल्या मुलाला उकळून गार केलेले पाणी आणि ताजे शिजविलेले अन्न द्यावे, असे रुग्णालयात बजावतात. माझ्या सौभाग्यवतींनी त्या माउलीला सांगितले, “अहो, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे, शिकवायला मी येते.” मात्र उपचार चालू असलेल्या मुलाला कोणी श्रद्धेपोटीही उपवास घडवू नये.

आता ज्या कारणास्तव मी उभा राहिलो त्याकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगांसाठी मोहीम आरंभिली. श्रीमंत देशांत दहातील आठांहून अधिक मुले वाचतात आणि अनेक गरीब देशांत तिघेही वाचत नाहीत, हे अंतर कमी करण्यासाठी. या अंतराचे एक मोठे कारण म्हणजे अर्ध्यावर सोडलेला उपचार. औषधासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, टाटा रुग्णालयाचा मुलांसाठी स्वतंत्र निधी आहे. राहण्यासाठी २००६ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे परळ परिसरात व खारघरला आहेत, नाना पालकर स्मृती समिती आहे. रुग्णालयाबाहेर नातेवाइकांना अन्न देण्याचे हरखचंद सावला यांनी उभे केलेले काम आपल्या समाजाला परिचित आहेच. परंतु मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, रोहा येथून तेथपर्यंत पोहोचण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नाही. २०१९ साली त्या कुटुंबाने उपचार सोडला असता, तर तो औषधापायी नव्हे, एस.टी.च्या तिकिटापायी सोडला असता.

सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वारी संगमरवरी कमान उभारण्याचा ठराव विश्वस्त मंडळापुढे आहे. कमानीस माझा विरोध नाही, तिच्यासाठी मी माझा वाटा देईन. तथापि, कमानीच्या अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा बाजूला काढून त्याच्या व्याजातून, किनाऱ्यावरील कोणत्याही जातिधर्माच्या कर्करुग्ण मुलाला व त्याच्या एका पालकाला प्रवासभाडे आणि मुक्कामखर्च द्यावा, अशी सूचना मी मागील सभेत मांडली होती. ती एका मताने फेटाळली गेली. काही विश्वस्तांचे म्हणणे असे की, हे काम सरकारचे आहे आणि एकदा सुरू केले की मागणी वाढत जाईल. दुसरा मुद्दा खरा आहे. वाढत जाईल. मी ती सूचना पुढील महिन्याच्या सभेत पुन्हा मांडणार आहे.

तोपर्यंत आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक वेगळी वही ठेवली आहे. ती त्या मुलाच्या आईने स्वतःच्या वहीवरून आखून दिली आहे. कोणाच्या घरी, शेजारी, मजुराकडे मुलाला महिनाभर ताप व न बसणारी गाठ असेल, तर मुलाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक तीत लिहावा. अलिबागला तपासणीची वेळ घेणे आणि पुढे परळला जावे लागल्यास पहिल्या फेरीस सोबत जाणे, हे काम आमचा गुमास्ता करतो. त्या दिवसाचा त्याचा पगार कापला जात नाही, दिवाळीच्या आठवड्यातसुद्धा.

जय जिनेंद्र.